सहीनंतरची वर्षे

१९७७ च्या जानेवारीत मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार तीन वर्षांसाठी चालवायला द्यायचे होते. आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने जाहिरात दिली. निविदा भरणारा नोंदणीकृत दुय्यम श्रेणीचा हॉटेलवाला हवा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, अशी अट होती. ज्याला काम मिळालं त्याने महिन्याला ६,६६६ रुपये ६६ पैसे देऊ केले होते, म्हणजे सर्वांत जास्त. पण तो कॅन्टीन चालवणारा होता. अनुभव भरपूर, नोंदणी नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७९ च्या मे महिन्यात न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. सार्वजनिक संस्थेने जी पात्रता स्वतः जाहीर केली, ती सर्वांत आधी तिला स्वतःला बांधून ठेवते. एकासाठी अट सैल करता येत नाही, कारण ती सैल आहे हे ठाऊक असतं तर आणखी कितीतरी जण निविदा भरायला आले असते.

निमित्त वड्या-सँडविचच्या दुकानाचं, पण त्या निकालाने देशातल्या सगळ्या महामंडळांना आणि प्राधिकरणांना शिस्त लावली. त्याचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. तो ठेका रद्द झाला नाही. तक्रार करणारा न्यायालयात उशिरा आला होता आणि तोपर्यंत ठेकेदाराने जागेवर पैसा घातला होता. चुकीचा करार चुकीचा ठरला, तरी चालू राहिला. एका सार्वजनिक संस्थेच्या मालमत्ता व करार विभागात मी एकतीस वर्षं काढली. नव्या अधिकाऱ्याला मी पहिल्या आठवड्यात हा निकाल वाचायला द्यायचो आणि उत्तरार्धाखाली पेन्सिलीने रेघ ओढून द्यायचो.

आमच्या कामाची बाहेर दिसते ती बाजू निविदेची. लखोटे उघडणं, तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दर कोणाचा, कार्यादेश कोणाला. वर्तमानपत्रातली बातमी इथंच सुरू होते आणि इथंच संपते. जागा आणि करार जगतात ते सहीनंतर. तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यात सहीचा दिवस एकच असतो. उरलेले दहा हजार नऊशेहून अधिक दिवस कोणीतरी त्या जागेकडे लक्ष ठेवून असावं लागतं. आपल्याकडे सार्वजनिक मालमत्तेचं जे नुकसान झालं, ते बहुतेक या दिवसांत झालं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईच्या गोदीचं उदाहरण यासाठी सर्वांत बोलकं. १८६० च्या दशकातल्या कापसाच्या तेजीत मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर भराव घालून धक्के बांधले ते एलफिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीसारख्या खासगी कंपन्यांनी. तेजी ओसरली. बंदराचा किनारा खासगी मक्तेदारीत राहणं धोक्याचं, हे सरकारला उमगलं. १८७० मध्ये सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झालं. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी. तिच्या खोदकामातून निघालेल्या मातीने समुद्र बुजवून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. बावीस एकरांचा हा परिसर ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या रचनेवर वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची छाप आहे. आजही तिथून चालत गेलं की इमारतींचे दर्शनी भाग एकमेकांशी बोलत असल्यासारखे वाटतात. सार्वजनिक जमीनमालक काय करू शकतो याचा असा दाखला मुंबईत दुसरा नाही. भूखंड वेगवेगळ्या कंपन्यांना दिले, पण रस्त्याचं रूप कोणाच्या मर्जीवर सोडलं नाही.

पुढची कथा इतकी सुखाची नाही. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत सातशे हेक्टरांच्या वर जमीन. त्यावर गोदामं, वखारी, कारखाने, चाळी, जहाजं तोडण्याचा दारूखाना हा भाग. हजारो भाडेकरू. काही पट्टे दीर्घ मुदतीचे, काही महिन्या-महिन्याचे. कित्येक पट्ट्यांत भाडं ठरलं ते ठरलं, मधल्या काळात वाढवण्याची तरतूदच नाही. मूळ भाडेकरू ट्रस्टला जुनं भाडं भरतो आणि पोटभाडेकरूकडून बाजारभावाने घेतो. मधला फरक ना बंदराला मिळतो, ना जहाजाला, ना शहराला. असं वर्षानुवर्षं चाललं आणि मग संस्थेला एका दिवशी जाग आली. भाडं एकदम कित्येक पटींनी वाढवलं. भाडेकरू न्यायालयात. खटल्यांची एक पिढी गेली.

त्या खटल्यांमधले दोन निकाल प्रत्येक मालमत्ता अधिकाऱ्याने पाठ करावेत असे आहेत. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पोर्ट ट्रस्टला भाडे नियंत्रण कायद्यातून सूट आहे ती लोकहितासाठी. म्हणून भाडेकरूला काढताना खासगी घरमालकासारखी लहर चालणार नाही; काढण्याचं कारण वाजवी हवं आणि सार्वजनिक हेतू हवा. त्या प्रकरणात तसा हेतू दिसला आणि ट्रस्टची कारवाई टिकली, हेही तितकंच महत्त्वाचं. २००४ च्या जानेवारीतला दुसरा निकाल भाडेवाढीचा. त्याचं सार असं: सरकारी संस्थेने नफेखोर जमीनदार होऊ नये, पण महागाईच्या मागे पडत जाऊन सार्वजनिक मालमत्ता फुकटही वाटू नये. वाढ करावी, वाजवी करावी.

वाचायला सोपं, करायला कठीण. वाजवी वाढ म्हणजे दर वर्षी थोडी वाढ. त्यासाठी दर वर्षी नोटीस, दर वर्षी हिशेब, दर वर्षी चार शिव्या. वीस वर्षं काहीच न करणारा अधिकारी लोकप्रिय राहतो आणि एकविसाव्या वर्षी जो येतो तो खलनायक ठरतो. मी दोन्ही प्रकारच्या खुर्च्यांवर बसलो आहे. भाडेकरू म्हणजे शत्रू, ही आमच्या खात्यातली जुनी भावना मला कधीच पटली नाही. १९७१ च्या सार्वजनिक जागा कायद्याने संस्थेच्या मालमत्ता अधिकाऱ्याला, म्हणजे इस्टेट ऑफिसरला, निष्कासनाचा आदेश देण्याचा अधिकार दिला. संस्थेचाच माणूस संस्थेच्या दाव्यावर निवाडा करतो. एवढी सत्ता हाती असली की समोरच्या विधवेची पावती दोनदा वाचावी लागते. १९९० मध्ये घटनापीठाने हा कायदा भाडे नियंत्रण कायद्याला वरचढ ठरवला, आणि २००२ मध्ये केंद्र सरकारला मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, की खऱ्या भाडेकरूंवर हा अधिकार मनमानीने वापरू नका. उदाहरणार्थ, आयुर्विमा महामंडळाकडे १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात २४५ विमा संस्थांचा कारभार आला आणि त्यांच्या इमारती भाडेकरूंसकट आल्या. ती माणसं कोणी अतिक्रमणं करून आलेली नव्हती.

मुदत संपण्याच्या तारखेबद्दल आपली बेफिकिरी तर थक्क करणारी आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा भाडेपट्टा १९१४ चा, ९९ वर्षांचा. तो २०१३ च्या मे महिन्यात संपणार हे शंभर वर्षं सर्वांना ठाऊक होतं. तरी पुढचं ठरायला २०२४ उजाडलं. १२० एकर उद्यानासाठी आणि ९१ एकर पुन्हा रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबला, असा तोडगा निघाला. मुंबईच्या मधोमध असलेल्या जमिनीचं काय करायचं हे अकरा वर्षं अधांतरी राहिलं. एमआयडीसीचे पट्टे ९५ वर्षांचे, सिडकोचे ६० वर्षांचे. सिडकोची स्थापना १९७० ची. पहिल्या पट्ट्यांची मुदत कधी भरते, हे वाचकाने स्वतःच मोजावं.

आता एसटीकडे येतो, कारण मराठी माणसाचं ज्या सार्वजनिक मालमत्तेशी सर्वांत जवळचं नातं आहे ती म्हणजे एसटीचं स्थानक. १ जून १९४८ ला पुणे ते नगर पहिली गाडी सुटली. आज अडीचशेच्या आसपास आगारं आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा. स्थानकं बांधली तेव्हा अनेक गावांत ती वेशीबाहेर होती. गाव वाढत गेलं आणि स्थानक बाजारपेठेच्या मध्यावर आलं. त्यामुळे तोट्यातल्या महामंडळाची जमीन मात्र सोन्याच्या भावाची झाली. मग ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ योजना आल्या. खाली फलाट, वर दुकानं, विकासकाला भाडेपट्टा. २०२५ मध्ये या पट्ट्यांची मुदत ६० वरून ९८ वर्षांपर्यंत, म्हणजे ४९ अधिक ४९, नेण्याचा निर्णय झाला. विकासकाला बँकेचं कर्ज मिळायला लांब मुदत लागते, हे खरं. पण ज्या पट्ट्याची शेवटची तारीख पाहायला सही करणाऱ्यांपैकी कोणीच नसेल, त्याची देखरेख करणारी खुर्ची आधी भक्कम करायला हवी. स्थानक मुळात प्रवाशाचं. पाऊस पडत असताना बाळाला घेऊन उभ्या असलेल्या बाईला छप्पर मिळालं का आणि तिथला हिरकणी कक्ष उघडा आहे की कुलूपबंद, हे दुकानांच्या चौरस फुटांआधी तपासलं पाहिजे.

एसटीतल्या छोट्या करारांना ‘वाणिज्य आस्थापना’ म्हणतात. चहाचा स्टॉल, पुस्तकांचं दुकान, उपाहारगृह, स्वच्छतागृह, वाहनतळ. एकेका परवान्याची रक्कम छोटी, पण प्रवाशाला महामंडळ भेटतं ते इथंच. ‘नाथजल’ ही पाण्याची बाटली २०२० मध्ये आली. किंमत तेव्हा १५ रुपये, नाव संत एकनाथांवरून. ती १५ लाच मिळावी एवढंच प्रवाशाचं मागणं होतं, पण जास्त पैसे घेतल्याच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. मंत्रालयातून पाच रुपये पकडता येत नाहीत. ते पकडतो आगारातला माणूस, तेही त्याने आठवड्यातून एकदा साध्या कपड्यात जाऊन बाटली विकत घेतली तर.

मोठ्या करारांतही हेच. २०२३ मध्ये एसटीचा ५,१५० विजेच्या बसचा करार झाला. गाड्या वेळापत्रकाच्या फार मागे राहिल्या. अशा करारात पुरवठादार किलोमीटरप्रमाणे पैसे घेतो, पण चार्जिंगसाठी आगारात जागा आणि उच्च दाबाची वीजजोडणीही लागते. दोन्ही पक्षांची जबाबदारी एकमेकांत अडकलेली असते. उशीर कोणामुळे झाला हे सिद्ध करायचं तर रोजच्या पत्रव्यवहाराची फाईल नीट हवी. दंडाचं कलम सगळ्या करारांत असतं. ते लागू करण्याइतकी स्वच्छ फाईल क्वचितच असते.

आणि स्वारगेट. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्थानकात उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदवली गेली. परिवहन मंत्र्यांनी तिथले २३ सुरक्षारक्षक बदलण्याचे आदेश दिले. तेव्हा मी निवृत्त झालो होतो, तरी त्या रात्री झोप लागली नाही. सुरक्षेची हजेरी, दिव्यांची देखभाल, पडून असलेल्या गाड्यांची विल्हेवाट ही तिन्ही कामं आमच्यासारख्या विभागात कारकुनी समजली जातात. रात्री दोन वाजता फेरी झाली की नाही, याची नोंद न तपासता देयकावर सही करणारे हात मी पाहिले आहेत.

सफाईच्या आणि सुरक्षेच्या ठेक्यांतला सर्वांत दुखरा भाग म्हणजे कमीत कमी दर. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, गणवेश आणि साहित्य यांची बेरीज केली तर ज्या रकमेच्या खाली ठेका चालूच शकत नाही, त्याच्याही खालचा दर आम्ही स्वीकारतो. मग कमी पडलेला पैसा झाडूवालीच्या पगारातून निघतो. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याने ही जबाबदारी मुख्य मालकावर टाकली होती. ठेकेदाराने पगार बुडवला तर संस्थेने तो द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. मुंबई महापालिकेच्या २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला, तोपर्यंत त्यांच्या लढ्याची वर्षं सरून गेली होती. दर कमी आला म्हणून फाईलवर शाबासकी लिहिणाऱ्यांनी तो निकालही वाचावा.

माझ्या हातून झालेली एक चूक इथं लिहितो. एका मोठ्या गोदामाचा पट्टा होता. मुदत संपण्याआधी तीन महिने आम्ही लेखी नोटीस दिली तरच भाडं नव्याने ठरवता येणार होतं, नाहीतर जुन्याच भाड्याने पाच वर्षं पुढे. फाईल लेखा विभागात मतासाठी गेली होती आणि तिथं राहिली. माझ्या टेबलावर परत आली तेव्हा तारीख उलटून एकोणीस दिवस झाले होते. कोणी पैसे खाल्ले नव्हते, कोणाचा हेतू वाईट नव्हता. संस्थेचं पाच वर्षांचं उत्पन्न मात्र गेलं. नोटीस पाठवण्याची जबाबदारी माझी होती.

त्या संध्याकाळी मी दोनशे पानी वही आणली. एकेका पानावर एक पट्टा: मुदत कधी संपते, नोटीस कधी द्यायची, अनामत किती, विमा कधीपर्यंत, मोजणी शेवटची कधी झाली. फाईल कुठंही असो, वही माझ्या खणात असायची. दर सोमवारी सकाळी पहिलं काम ती उघडण्याचं. मोजणीला सर्व्हेअरबरोबर मी स्वतः जायचो, कारण भिंत दोन फूट पुढे सरकलेली नकाशावर दिसत नाही. निवृत्त होताना ती वही माझ्या जागी आलेल्या मुलीच्या हाती दिली. तिने सगळं संगणकावर चढवलं आणि वहीही ठेवली.

त्या वहीतल्या एका गोदीलगतच्या शेडची मुदत येत्या ३१ डिसेंबरला संपते. नोटीस सप्टेंबर संपायच्या आत जायला हवी होती. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मी तिला फोन केला. “सर, २२ तारखेलाच गेली,” ती म्हणाली, “पोच आली आहे, फाईलला लावली.”