उपवासाची बटाट्याची भाजी

आज आषाढी एकादशी. पंढरीच्या वाटेने गेले ते भाग्याचे. आमच्यासारखे जे घरीच राहिले त्यांच्या स्वयंपाकघरातून दुपारच्या सुमारास साजूक तुपात तडतडणाऱ्या जिऱ्याचा आणि हिरव्या मिरचीचा वास दरवळू लागेल. हळद नाही, मोहरी नाही, हिंग नाही, कांद्याचे तर नावच नको. इतके नकार सोसूनही बटाट्याची भाजी पानात उजवीच ठरते.

कृती ती केवढी! बटाटे सालासकट उकडावेत व पुरते निवल्यावर सोलावेत. गरम असता चिरले तर फोडींचा लगदा होतो. तुपात जिरे-मिरची, त्यावर फोडी, मीठ, चिमूटभर साखर, दाण्याचे भरड कूट आणि एक वाफ. कुटाऐवजी ओले खोबरे घालणारी घरे कोकणात आहेत. कोथिंबिरीपाशी मात्र मतभेद सुरू होतो. एका घरी ती चालते, दुसऱ्या घरी निषिद्ध. कित्येक घरी तर जिरेही वर्ज्य. नव्या सुनेने माहेरच्या रीतीने कोथिंबीर भुरभुरावी आणि सासूबाईंनी पान बाजूला सारावे, असे प्रसंग थोडे घडलेले नाहीत.

वस्तुतः या वादात परंपरेला साक्षीस बोलावणे धोक्याचे आहे. बटाटा, मिरची, भुईमूग आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातील. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतरच त्यांनी समुद्र ओलांडला. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांचा. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. म्हणजे ज्ञानदेव-नामदेवांच्या एकादशीला यांतले काहीच नव्हते! आणि या भूमीत पूर्वापार नांदणाऱ्या कोथिंबिरीवर मात्र बहिष्कार!

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही थट्टा आपण आवडीने करतो. परंतु ती लागू पडते पानावर बसणाऱ्यांना. पहाटेपासून उपाशी राहून जी भाजी परतते, तिच्या वाट्याला बहुधा कढईची खरवडच येते. आमच्या आईला ती खरवड फार आवडते, असे आम्ही पन्नाशी उलटेपर्यंत खरे मानीत होतो. तिच्या माघारी घरात एवढाच पालट झाला आहे : भाजी उतरली, की देवाचा नैवेद्य निघतो आणि लागलीच त्याच पळीने सूनबाईंची वाटी भरून ठेवतो. खरवड आता आम्ही घेतो. तळाला लागलेली असल्याने ती कडवट लागते.