हातातल्या यंत्राची भाषा कोणती?

“मोबाइलसाठी ॲप लिहायचे आहे, कोणती भाषा शिकू?” अकरावी-बारावीची मुले हा प्रश्न नेहमी विचारतात. त्यांना एका शब्दात उत्तर हवे असते. परंतु आधी उलट विचारायला हवे : आज्ञावली चालणार कोणत्या यंत्रावर?

१९९६ साली अमेरिकेत ‘पायलट १०००’ हे तळहातावर मावणारे यंत्र आले. स्मृती अवघी १२८ किलोबाइट, प्रक्रियक १६ मेगाहर्ट्‌झचा आणि वीज दोन बारक्या सेलची. पत्ते, टिपणे, नव्या आज्ञावल्या, सारे याच स्मृतीत. त्यासाठी आज्ञावल्या मुख्यतः ‘सी’ भाषेत लिहीत. का बरे?

प्रक्रियकाला फक्त अंकरूप आज्ञा कळतात. आपले लेखन त्याच्यापर्यंत दोन मार्गांनी पोचते. परभाषेतील पत्र एकदाच भाषांतर करून पाठवावे, हा पहिला. सोबत दुभाषी पाठवावा, हा दुसरा. ‘सी’चे भाषांतर मेजावरच्या संगणकावर होते, यंत्रात जाते ते तयार भाषांतर. ‘जावा’ दुभाषी सोबत नेते. त्यामुळे एकच आज्ञावली निरनिराळ्या यंत्रांवर चालू शकते. पण दुभाष्यालाही जागा आणि वीज लागतेच! २००० सालच्या, लहान यंत्रांसाठीच्या जावाच्या मानकाला किमान १६० किलोबाइट स्मृती लागे. म्हणजे १२८ किलोबाइटमध्ये एकटा दुभाषीही अवघडलाच असता.

मग नेहमी ‘सी’च का वापरू नये? कारण तिच्यात मागून घेतलेली स्मृती परत करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची असते. समजा, सतत चालणारी एक आज्ञावली दर मिनिटाला १०० बाइट घेते आणि परत करायला विसरते. दिवसाची १,४४० मिनिटे, म्हणजे १,४४,००० बाइट. १२८ किलोबाइट म्हणजे १,३१,०७२ बाइट. दिवस संपण्याआधीच स्मृती संपली! जावात निरुपयोगी स्मृती आपोआप गोळा केली जाते.

आजच्या फोनमध्ये स्मृती गिगाबाइटमध्ये मोजतात. तेथे दुर्मिळ आहे तो लिहिणाऱ्याचा वेळ, आणि महाग पडते ती त्याची चूक. म्हणून अँड्रॉइडसाठी २०१९ पासून गूगलने ‘कोटलिन’ला प्राधान्य दिले, आयफोनसाठी ॲपलने २०१४ मध्ये ‘स्विफ्ट’ आणली. किंमत न भरलेली जागा चुकून वापरली जाण्याचा धोका या दोन्ही भाषा बऱ्याच अंशी आधीच दाखवून देतात.

तर मग जुना हिशेब कालबाह्य झाला का? नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला ‘आर्डुइनो उनो’ घ्या. त्याची कामाची स्मृती फक्त २ किलोबाइट, पायलटच्या चौसष्टावा भाग! त्याच्यावर हातात धरायचा तापमापक करायचा, तर पुन्हा सी-सी++ कडेच वळावे लागते.

तेव्हा विद्यार्थ्याला भाषेचे नाव सांगण्याऐवजी तीन गोष्टी वहीत लिहायला सांगा : जागा किती, वीज किती, आणि चूक झाली तर ती पकडणार कोण? भाषेची निवड यातूनच ठरते. आणि उद्या यंत्र बदलले, तर नवे उत्तर त्याचे त्यालाच काढता येईल.