बायकांचे टेनिसचे बूट : आराम आणि आधार कसा पारखावा?

सोयाबीन कापल्यावर शेतात जी धसकटे उरतात ती तिरपी छाटलेली आणि खिळ्यासारखी टोकदार असतात. ट्रॅक्टरच्या टायरालाही ती सोडत नाहीत. याच धसकटांतून भोपाळ, सीहोर, बैरसिया या भागांतील आपल्या भगिनी हवाई चपला घालून, पुष्कळदा अनवाणीच, दिवस दिवस वावरतात. घरातील पुरुषाला बूट असतो, शाळेत जाणाऱ्या मुलाला असतो. घरधनिणीला मात्र सणावाराची एक सँडल आणि रोजची झिजलेली चप्पल. आता डॉक्टर टाचदुखीच्या बायकांना ‘बूट वापरा’ असे सांगू लागले आहेत, कॉलेजात शिकणाऱ्या मुली आपल्या आयांसाठी खेळाचे बूट आणू लागल्या आहेत, आणि साडीवर बूट घातलेली बाई पाहून हसण्याची रीतही हळूहळू मागे पडत आहे. हजार-दोन हजार रुपये खर्च करायचे तर ते पारखून करावेत, म्हणून हा लेख. येथे मुख्यतः टेनिसच्या बुटांविषयी लिहिले आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

प्रथम पावलाविषयी थोडे. आपल्या एका पावलात 26 हाडे असतात. टाच आणि चवडा यांच्यामध्ये तळव्याची कमान असते, आणि टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टी धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली असते. दिवसभर उभे राहून, डोक्यावर भारा घेऊन, कडक जमिनीवर चालून ही पट्टी टाचेपाशी दुखावते. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत सुरी खुपसल्यासारखी कळ येते आणि चार पावले चालल्यावर ती कमी होते, ती बहुधा याच कारणाने. ‘वय झाले, आता दुखायचेच’ असे म्हणून आपल्या बायका ती सोसतात. पण हे दुखणे वयाचे नव्हे, अतिताणाचे आहे, आणि पोटरीचे व तळव्याचे ताण देण्याचे व्यायाम व योग्य पादत्राण यांनी ते बहुतेकींचे काही महिन्यांत कमी होते.

आता ‘टेनिसचा बूट’ म्हणजे कोणता? या नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे आपल्या सर्वांच्या ओळखीचा पांढरा कॅनव्हासचा पी.टी. बूट. बाटा कंपनीने कोलकात्याजवळच्या बाटानगरात 1936 साली शाळकरी मुलांच्या कवायतीसाठी जो काढला, तो ‘बाटा टेनिस’ याच जातीचा. तो स्वस्त, हवेशीर आणि धुता येण्याजोगा असतो. बोटे झाकतो, दगड-काट्यांपासून राखतो. पण त्याचा तळ म्हणजे रबराचा एक सपाट थर. टाचेमागे कडक आधार नाही, कमानीखाली काही नाही. ज्यांचे पाय निरोगी आहेत त्यांना तो चालतो. टाचदुखी असेल तर त्यात निदान जाड सुकतळा घालावा, एरवी तो चपलेहून फारसा बरा नाही.

दुसरी वस्तू म्हणजे आजचा खरा टेनिसचा बूट. टेनिसमध्ये खेळाडू सरळ कमी धावतो. तो डावीकडे-उजवीकडे झेपावतो, एकदम थांबतो, पुन्हा उलट वळतो. म्हणून या बुटाचा तळ रुंद व सपाट, बाजू कडक, टाच फार उंच नाही, आणि अंगठ्यापाशी घासून न फाटणारे जाड रबर असते. धावण्याचे बूट, जे हल्ली दुकानात सगळ्यांत पुढे मांडलेले असतात, ते उलट प्रकारचे. धावणारा सरळ रेषेत जातो, म्हणून त्यांत टाचेखाली जाड मऊ फोम असतो आणि बाजू नरम असतात. दुकानाच्या फरशीवर चार पावले चालले की ते कापसावर चालल्यासारखे वाटतात, आणि त्याच सुखाला भुलून गिऱ्हाईक पैसे मोजते.

पण शेताच्या बांधावरून चालणे हे सरळ चालणे नव्हे. एक पाय वर, एक खाली, पाऊल सारखे बाजूला कलते. ढेकळावर पाय पडला की उंच मऊ फोम एका बाजूला दबतो आणि घोटा मुरगळतो. म्हणूनच माझे मत असे की, ज्या भगिनीला शेत, अंगण आणि पक्का रस्ता या तिन्ही ठिकाणी एकच जोड वापरायचा आहे, तिला धावण्याच्या बुटापेक्षा टेनिसच्या धर्तीचा बूट अधिक उपयोगी. जी केवळ डांबरी रस्त्यावर फिरायला जाते तिची गोष्ट वेगळी. तिने खुशाल धावण्याचा बूट घ्यावा.

आता बायकांच्या पायाचा प्रश्न. बूट ज्या साच्यावर बनतो त्याला चांभार फर्मा म्हणतात. बराच काळ बायकांचे खेळाचे बूट म्हणजे पुरुषांचाच फर्मा लहान करून वर गुलाबी रंग दिलेले, असा प्रकार होता. पण बाईचे पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची छोटी प्रत नव्हे. चवड्याच्या मानाने तिची टाच साधारणतः अरुंद असते. परिणाम असा की पुढे मापात बसलेला बूट मागे टाचेत निसटतो, आणि टाचेत घट्ट घेतला तर पुढे बोटे आवळतो. बोटे वर्षानुवर्षे आवळली गेली की अंगठा आत वळतो, त्याच्या बुडाशी हाड फुगून दुखू लागते, आणि करंगळीवर कुरूप होते. नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना बूट वापरणाऱ्या बायकांनी हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे चालणारे इंग्रजी नंबर स्त्री-पुरुषांना सारखेच असल्याने नंबर जुळतो, पण बूट जुळत नाही.

या नंबरांचीही एक गंमत आहे. इंग्रजी मापात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. आणि हे माप मुळात जवाच्या एका दाण्याच्या लांबीवरून आले. ही मापे साहेबाच्या पायावर बसवलेली आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशाच्या सर्व भागांतून एक लाखाहून अधिक लोकांची पावले यंत्राने मोजली. त्यातून दिसले की भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतील पावलापेक्षा रुंद असते. अरुंद बूट पायात जात नाही म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, मग तो लांबीला सैल होतो आणि आत पाय सरकत राहतो. या पाहणीवरून भारतीयांसाठी ‘भ’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. मुलींच्या पावलाची वाढ साधारण अकराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत जोरात असते, असेही त्यात आढळले. तेव्हा पाचवी-सहावीतल्या मुलीला ‘अजून वर्षभर चालेल’ म्हणून आवळता बूट घालायला लावू नये.

आणखी एक गोष्ट आयांसाठी. बाळंतपणानंतर पाऊल बदलते. गरोदरपणात वजन वाढते, सांधे सैलावतात, कमान थोडी खाली बसते आणि पाऊल लांबते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विशेषतः पहिल्या खेपेस झालेला हा बदल पुढेही टिकतो असे दिसले. म्हणून ‘माझा नंबर चार आहे’ हे लग्नाआधीचे उत्तर दोन मुलांच्या आईने दुकानात देऊ नये. पाय पुन्हा मोजावा.

मोजणे सोपे आहे. संध्याकाळी, दिवसभराच्या कामाने पाय थोडे फुगलेले असताना, जाड कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहावे आणि दुसऱ्या कोणाकडून पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ ओढून घ्यावी. दोन्ही पायांची. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. बूट त्याच्या मापाचा घ्यावा. तो आकार कापून दुकानात न्यावा आणि बुटातील सुकतळा बाहेर काढून त्यावर ठेवून पाहावा. कागद कडेने बाहेर डोकावला तर तो बूट कितीही सुंदर असो, परत द्यावा. दुकानदार कंटाळतो, ‘वापरल्यावर सैल होईल’ म्हणतो. कॅनव्हास थोडा सैलावतो हे खरे, पण हल्लीचे प्लास्टिकमिश्रित कापड आणि कृत्रिम चामडे फारसे सैलावत नाही, आणि पायाने बुटाला वळण लावायचे ही कल्पनाच उलटी आहे.

मग बूट हातात घ्यावा. टाचेमागची बाजू अंगठ्याने दाबावी. ती सहज आत गेली तर टाच सांभाळायला तेथे काही नाही. मग टाच आणि पुढचे टोक धरून बूट वाकवावा. तो चवड्यापाशी, जेथे आपली बोटे वाकतात तेथे, वाकला पाहिजे. मधोमध वाकत असेल तर कमानीला आधार मिळणार नाही. मग ओले लुगडे पिळतो तसा त्याला पीळ द्यावा. चांगला बूट थोडा वळतो आणि अडतो. पायपुसण्यासारखा सबंध पिळला जातो तो नको. शेवटी सपाट फळीवर ठेवून मागून पाहावे. नवा असूनही एका कुशीवर कललेले जोड पुष्कळदा निघतात, विशेषतः बाजारातील नकली छापाच्या मालात.

घातल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा राहावी. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असे नाही. कित्येकींचे दुसरे बोट मोठे असते. टाच निसटत असेल तर नाडी ओवताना सर्वांत वरचे, घोट्याजवळचे जादा भोक वापरावे. ते शोभेसाठी नसते. त्यात नाडीचे लहान फासे करून दुसऱ्या बाजूची नाडी त्यांतून नेऊन आवळली की टाच जागी बसते आणि पुढे बोटे मोकळी राहतात. जोडवी घालत असल्यास ती काढून ठेवावीत, नाहीतर शेजारच्या बोटाला घट्टा पडतो.

तुमची जुनी चप्पलही बरेच सांगते. रविवारी देवळाच्या दाराशी चपलांची रांग लागते, ती मी कधी कधी पाहत उभा राहतो. टाचेची बाहेरची कड थोडी झिजलेली असणे स्वाभाविक आहे. पण आतली, अंगठ्याकडची बाजू सगळी झिजून गेली असेल तर कमान खाली बसते आहे असे समजावे आणि आतून कडक बाजूचा बूट शोधावा.

मधुमेह असलेल्या भगिनींसाठी हा विषय सोईचा नसून पाय वाचवण्याचा आहे. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाची संवेदना मंदावते. बुटात खडा गेला तरी कळत नाही. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांबाबत दाखवून दिले होते की त्यांच्या पायाच्या जखमा मांस आपोआप सडून होत नाहीत. वेदना न कळल्याने एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडून होतात. त्यातूनच बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला पुढे आल्या. मधुमेहाच्या पायालाही हेच लागू आहे. अशा बाईने ‘सोईचा वाटतो का’ या प्रश्नावर विसंबू नये, कारण तिच्या पायाची साक्षच खोटी असते. कागदाच्या मापावर विसंबावे. नवा बूट पहिल्या दिवशी तासभरच घालून पाय तपासावा. लाल डाग राहिला तर तो बूट थांबवावा. घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. जखम किंवा फोड दिसल्यास घरगुती लेप न लावता जयप्रकाश रुग्णालय किंवा एम्स येथे दाखवावे.

टेनिसच्या बुटाला मर्यादाही आहेत. पावसाळ्यात काळ्या चिकट मातीत तो निरुपयोगी. दोन पावलांत तळाला किलोभर चिखल चिकटतो आणि ओल्या कापडात बोटांमध्ये चिखल्या होतात. तेथे गमबूटच हवा. सापाच्या बाबतीतही हेच. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला, आणि जास्त मृत्यूंच्या राज्यांत मध्य प्रदेश आहे. दंश बहुतेक पायालाच होतात. टेनिसचा बूट पाऊल झाकतो, घोट्यावरचा भाग झाकत नाही. रात्री पाणी द्यायला जाताना गमबूट आणि हातात बॅटरी, दोन्ही असावे.

बूट धुतल्यावर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावा. चुलीजवळ ठेवल्यास तळाचा गोंद सुटतो. सकाळी पायात घालण्यापूर्वी उलटा करून आपटावा, विंचू असतो. तळाची नक्षी पुसली गेली किंवा टाच कलली की वरून बूट चांगला दिसत असला तरी तो शेण-गोठ्याच्या कामाला काढावा. आणि एक : चांगला बूट ‘लग्नाकार्याला होईल’ म्हणून ट्रंकेत जपून ठेवू नये. हल्लीच्या पुष्कळ बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. तो न वापरताही हवेतील दमटपणाने आतून कुजतो, आणि चार-पाच वर्षांनी बाहेर काढून चालू लागले की भाकरीच्या तुकड्यांसारखा गळून पडतो.