एपवर्थचं स्वयंपाकघर

१७११-१२चा हिवाळा. इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात एपवर्थ नावाचं गाव आहे. तिथले पाळक सॅम्युएल वेस्ली धर्मसभेच्या कामासाठी लंडनला जाऊन बसले होते, आणि त्यांच्या जागी ठेवलेल्या सहायकाच्या उपदेशात गावाचं मन रमेना. तेव्हा पाळकीणबाई सुझॅना रविवारी संध्याकाळी मुलांना आणि नोकरमाणसांना घेऊन घरातच, स्वयंपाकघरात, प्रार्थनेला बसू लागल्या. त्या एखादं प्रवचन वाचून दाखवत. घरच्या गड्याने ही गोष्ट आपल्या आईबापांच्या कानावर घातली आणि त्यांनीही येऊ का म्हणून विचारलं. तीस-चाळीस माणसं झाली, मग दोनशेच्या वर. जागा नाही म्हणून लोक दारातून परत जाऊ लागले.

एवढं बळ सुझॅनांना मिळालं होतं ते एका पुस्तकातून. त्यात आपल्या तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला १७०६मध्ये उतरलेल्या डॅनिश मिशनच्या धर्मप्रचारकांची हकीकत होती. आपण ना पुरुष, ना धर्मगुरू. तरी याहून थोडं अधिक आपल्याला करता येईल, असं ते वाचून त्यांच्या मनाने घेतलं.

सहायकाची तक्रार लंडनला पोहोचली. बाईमाणसाने असं करणं बरं दिसत नाही, असं सॅम्युएलनी कळवलं. सुझॅनांनी उत्तरात लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: हे बंद व्हावं अशी नुसती इच्छा कळवू नका, स्पष्ट हुकूम करा; म्हणजे देवापुढे उभं राहायची वेळ येईल तेव्हा जबाब तुम्ही द्याल. असा हुकूम काही आला नाही.

हा बाणा मुळातलाच. १६६९मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या सुझॅना या डॉ. सॅम्युएल ॲनस्ली यांचं पंचविसावं अपत्य. वडील चर्च ऑफ इंग्लंड सोडलेले नावाजलेले धर्मोपदेशक. पण ही लेक तेराव्या वर्षाच्या सुमारास विचार करून त्याच चर्चमध्ये सामील झाली. १६८८मध्ये लग्न झालं. एकोणीस मुलं झाली आणि त्यातली दहा जगली: सात मुली, तीन मुलगे. नवरा विद्वान, पण हिशेबात कच्चा. १७०५मध्ये कर्जापायी त्यांना लिंकनच्या तुरुंगात बसावं लागलं, तेव्हा सुझॅनांनी बोटातल्या अंगठ्या काढून पाठवल्या. सॅम्युएलनी त्या परत केल्या. घरात कधी भाकरीची वाण पडली का, असं यॉर्कच्या आर्चबिशपांनी विचारलं. सुझॅनांच्या उत्तराचा आशय असा, की भाकरी मिळाली, पण आधी ती मिळवण्याची आणि मग तिचे पैसे चुकवण्याची काळजी इतकी, की घास गोड लागला नाही.

अशा घरात शाळा मात्र घड्याळावर चाले. रोज सहा तास. पाच वर्षं पूर्ण झाली की एका दिवसात मुळाक्षरं, आणि लगेच उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून वाचन. दोघी मुलींना दीड दिवस लागला, हेही आईच्या लक्षात राहिलं. मुलगी नीट वाचू लागेपर्यंत तिला शिवणकामाला बसवायचं नाही, असा नियम होता. १७०९च्या फेब्रुवारीत घराला आग लागली. वरच्या खिडकीत अडकलेल्या पाच वर्षांच्या मुलाला, जॉनला, शेजाऱ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर चढून बाहेर काढलं. पुढे सुझॅनांनी प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवली. जॉनच्या वाट्याला गुरुवार आला. मोठेपणीही त्याला त्या गुरुवारांची ओढ होती.

या घरात सगळंच सुखाचं झालं असं नाही. आठव्या वर्षी ग्रीक वाचणाऱ्या हेटी या मुलीचं लग्न १७२५मध्ये तिच्या मनाविरुद्ध एका नळकाम करणाऱ्याशी लावलं गेलं. वाचायला शिकवणारी आई लेकीला त्यातून सोडवू शकली नाही.

पुढे ऑक्सफर्डमध्ये जॉन आणि त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स यांच्या वेळ नेमून केलेल्या प्रार्थना-अभ्यासाची टिंगल म्हणून लोक त्यांना मेथडिस्ट, म्हणजे पद्धतवाले, म्हणू लागले. ती पद्धत त्यांनी एपवर्थमध्येच पाहिली होती.

१७३५मध्ये वैधव्य आलं. अखेरची वर्षं त्या लंडनमध्ये, फाउंड्री या जॉनच्या मंडळीच्या इमारतीत राहिल्या. दीक्षा न घेतलेला टॉमस मॅक्सफील्ड तिथे उपदेश करू लागला, तेव्हा जॉन चिडला. सुझॅनांनी त्याला बजावलं, की तुझ्याइतकंच यालाही देवाने बोलावलंय. आधी ऐक, मग ठरव. जॉनने ऐकलं आणि मान्य केलं. दीक्षा नसलेल्या माणसाचं ऐकायला लोक का येतात, हे त्याच्या आईने तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. जुलै १७४२मध्ये त्या गेल्या. जाताना मुलांना एवढंच सांगितलं, की माझी सुटका झाली की देवाच्या स्तुतीचं स्तोत्र गा. बनहिल फील्ड्समध्ये त्यांना मूठमाती देण्याआधी, खाटेभोवती उभ्या लेकरांनी ते गायलं.