काडेपेट्यांचे घर का पडते?

दिवाळीच्या सुटीत मी नांदेडहून लातूरला बहिणीकडे गेले होते. दुपारची जेवणे आटोपल्यावर माझ्या सहा वर्षांच्या भाचीने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बांधकाम काढले. सामान घरातलेच : रिकाम्या काडेपेट्या, शिवणाचा दोरा आणि स्टीलचे मोठे ताट. ताटात काडेपेट्या एकावर एक रचून चार भिंती झाल्या. छप्पर म्हणून तिने एक जाडजूड पुस्तक आडवे ठेवले. तेवढ्यात जाता-येता कोणाचा तरी पाय ताटाला लागला आणि सगळे घर खाली आले.

"झाला पसारा! उचल बरं ते," बहीण म्हणाली. भाचीचे लक्ष मात्र ढिगाऱ्याकडे होते. "मावशी, कोपऱ्यातनं उकललं बघ आधी!"

मी फक्त म्हटले, "पुन्हा बांध. या वेळी ताट आपणच हलवू."

दुसऱ्या घराला तिने पुस्तकाऐवजी जुन्या लग्नपत्रिकेचे छप्पर घातले आणि भिंतींभोवती दोऱ्याचे दोन वेढेही दिले. ताट हलवले; घर डगमगले, पण पडले नाही. "दोऱ्यामुळं राहिलं!" ती ओरडली. मी विचारले, "कशावरून? छप्पर पण बदललंस ना?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग दोरा सोडून तिने फक्त पत्रिका ठेवली, ताट हलवले. नंतर पुन्हा दोरा बांधून वर पुस्तक ठेवले. अर्ध्या तासात तिच्या ध्यानात आले की हलक्या छपराचाही उपयोग होतो आणि दोऱ्याचाही. दोन्ही असले तर घर सर्वांत जास्त धक्के सोसते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला पहिला नियम तिला कोणी सांगितला नव्हता. पडलेल्या घराने तो शिकवला.

हा खेळ पाहताना मला ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवली. मी तेव्हा शाळेत होते. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास नांदेडलाही खाटा हलल्या आणि आम्ही अंगणात आलो. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत काय झाले ते दिवस उजाडल्यावर कळले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात याहून मोठे भूकंप कितीतरी झाले आहेत. मग इतकी माणसे का गेली? बहुतेकांचा जीव घेतला तो त्यांच्याच घरांच्या भिंतींनी आणि छपरांनी.

आपल्याकडची जुनी घरे आठवून पाहा. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. उन्हाळ्यात ते गारवा देते, म्हणून आपल्या वाडवडिलांनी ते पत्करले. पण गळती थांबवण्यासाठी दरवर्षी मातीचा नवा थर पडत गेला. साधा हिशेब करू. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि मातीचा थर ४५ सेंटिमीटर जाड धरला, तर माती ५.४ घनमीटर होते. एका घनमीटरला १.६ टन धरले तर डोक्यावर साडेआठ टनांहून अधिक ओझे! जमीन एकदम बाजूला सरकते तेव्हा हे वजन जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहते. त्याला ओढून नेण्याचे काम भिंतींवर येते. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. छप्पर दुप्पट जड, तर भिंतीवरचा आडवा ताणही दुप्पट. भाचीच्या जाड पुस्तकाने हेच केले.

भिंतींचा दोष वेगळा होता. आत एक आणि बाहेर एक असे दगडांचे दोन थर, मध्ये बारीक दगड-मातीची भर; दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. धक्क्यासरशी थर एकमेकांपासून सुटले आणि कोपरे उकलले. म्हणून सुरक्षित बांधकामात आरपार दगड बसवतात आणि दाराखिडक्यांच्या वरून घराभोवती सलग पट्टा फिरवतात. भाचीचा दोरा म्हणजे हाच पट्टा. अर्थात, ताटातले घर हे खऱ्या घराचे छोटे रूप नव्हे. काडेपेटी आणि दगड यांच्या वजनात व घट्टपणात फार अंतर आहे. पण प्रश्न कोणता विचारायचा, एवढे ते नक्की दाखवते.

वर्गात आणखी एक प्रयोग करता येईल. अरविंद गुप्ता यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस, होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना, काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून सांगाडे करण्याची युक्ती काढली. ट्यूबच्या तुकड्यांच्या सांध्यांनी चार काड्यांचा चौकोन करा आणि बोटाने दाबा. तो लगेच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कलत नाही, कारण तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की कोनही ठरतात. आता चौकोनात एक तिरकी काडी बसवा. विजेच्या मनोऱ्यात आणि रेल्वेच्या पुलात तिरक्या पट्ट्या का असतात, ते मुले आपणच सांगतील. खेड्यातल्या शाळेत काड्यांऐवजी कडब्याची चिपाडे घ्या. त्यांच्या गाड्या करणाऱ्या मुलांना सांधे जोडणे आपल्याहून चांगले जमते.

शिक्षकाचे काम फारच थोडे आहे. मुलाचे घर पडले की ते सावरून देऊ नये आणि पसाराही लगेच उचलायला लावू नये. तीन प्रश्न विचारावेत : आधी कुठून पडले? या वेळी काय बदललेस? ते बदलल्यानेच फरक पडला, हे कशावरून? आपल्या जिल्ह्यांत घर कसे पडते हे शिकायला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. मुलांना ते ताटातल्या काडेपेट्यांवर शिकू द्यावे.