पुढच्या टायरावर अर्धाच हात

रेडिओ-कंट्रोल मोटारींच्या शर्यतीत खरी लगबग असते ती पिटमधल्या टेबलांवर. कार्पेट अंथरलेल्या बंदिस्त ट्रॅकवर टूरिंग कारची शर्यत अवघी पाच मिनिटांची, पण तिच्याआधी टायरांची सेवा बराच वेळ चाललेली असते. आधी मागच्या फेरीची धूळ पुसायची, मग ब्रशाने रबरावर पातळ द्रव फिरवायचा, टायर वॉर्मर चढवून चाकं तापवायची आणि गाडी ट्रॅकवर ठेवण्याआधी टायर पुन्हा कोरडे करायचे. या द्रवाला सगळे ‘सॉस’ म्हणतात. रबर मऊ करून ग्रिप वाढवणं हे त्याचं काम.

एवढा खटाटोप का लागतो, हे कळायला थोडा हिशेब पुरतो. मोटार दहापट लहान केली की टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्र शंभरपट कमी होतं आणि वजन हजारपट. १,३०० किलोची मोटार १.३ किलोवर येते, आणि १/१० मापाच्या टूरिंग कारचं वजन खरोखरच याच्या आसपास असतं. म्हणजे रबरावरचा दाब दहाव्या हिश्शावर आला. ट्रॅक डांबरी असला तर त्यातली खडी मात्र आहे तेवढीच राहिली! मोठ्या मोटारीचा टायर वजनाखाली दबून ज्या खाचाखोचांत बसतो, त्यांच्यावरून हा छोटा टायर नुसता सरकत जातो. पाच मिनिटांच्या शर्यतीत धावून धावून तापायलाही त्याला सवड नसते. वजन आणि उष्णता मोठ्या टायरासाठी जे करतात, ते इथे माणसाला हाताने करावं लागतं.

रबराला आकार धरून ठेवायला गंधक मदत करतं. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेल्या प्रक्रियेत रबराच्या लांब साखळ्या गंधकाने एकमेकींना जागोजागी बांधल्या जातात. सॉसमधले छोटे रेणू या साखळ्यांच्या मधे शिरतात. गाठी सुटत नाहीत, पण साखळ्यांना हलायला जागा मिळते. रबर किंचित फुगतं, मऊ होतं आणि पृष्ठभागाच्या बारीक चढउतारांना जाऊन भिडतं. के. ए. ग्रॉश यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की रबराच्या घर्षणाचं मूळ दुहेरी आहे: पृष्ठभागाला चिकटणं आणि दबून-उसळताना ऊर्जा खर्ची पडणं. मऊ टायराचा स्पर्श वाढतो, त्याचा फायदा दोन्हीकडे होतो. उष्णतेने द्रव लवकर आत मुरतो, म्हणून वॉर्मर. मुरवणं प्रमाणाबाहेर गेलं तर टायर सुजतो, लवकर झिजतो, रिमला चिकटवलेली कड सुटू लागते. मऊपणा मोजायला ड्यूरोमीटर असतो. त्याची बोथट सुई रबरात किती रुतते, यावरून शोअर आकडा मिळतो. आकडा जितका कमी तितकं रबर मऊ.

पण या कसबाचा कस मला दिसतो तो पुढच्या टायरांवर. मागचे दोन्ही टायर बहुतेक जण पूर्ण रुंदीला भिजवतात, कारण मागची चाकं घसरली की गाडी गिरकी घेते. पुढच्या टायरावर मात्र ब्रश निम्म्या रुंदीवर थांबतो. तिथेही पूर्ण सॉस लावला तर गाडी वळणात इतक्या जोरात वळते की बाहेरच्या चाकांवर उलटते. हा ट्रॅक्शन रोल. एरवी ग्रिप कमी पडली म्हणून गाडी घसरते, इथे ती जास्त झाली म्हणून कोलांटी खाते. त्यामुळे जाणता स्पर्धक ग्रिप नुसती वाढवत बसत नाही, ती पुढे-मागे वाटतो. निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा भिजवला तर गाडी वळणात शिरताना शांत होते आणि स्टिअरिंग थोडं कमी मिळतं. स्प्रिंग न बदलता, एकही स्क्रू न फिरवता गाडीचा स्वभाव बदलण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते.

एके काळी अमेरिकेतल्या कार्पेट ट्रॅकवर शिरताच विंटरग्रीनचा उग्र वास येई. त्या काळच्या सॉसमध्ये मिथाइल सॅलिसिलेट असायचं. हा वास आपल्याही नाकाच्या ओळखीचा आहे: आपल्याकडच्या गंधपुऱ्याच्या तेलात तेच द्रव्य असतं, आणि पाठदुखीवर आपण चोळतो त्या मलमांतही. मात्र ओळखीच्या वासावर विसंबू नये. शुद्ध विंटरग्रीन तेलाच्या ५ मिलिलिटरमध्ये सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं. लहान मुलाच्या पोटात तेवढं गेलं तर जिवावर बेतू शकतं. काही सॉसमध्ये पेट्रोलियमजन्य द्रावकं असतात, ती त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातात. हातमोजे घालणं आणि हवा खेळती ठेवणं हा या कामाचाच भाग मानला पाहिजे, विशेषतः बापलेक एका टेबलावर बसून टायर भिजवतात तिथे. आता कित्येक ट्रॅकवर वासाच्या सॉसला मज्जाव आहे. काही स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेला एकच बिनवासाचा सॉस चालतो. मला हा नियम योग्य वाटतो. माणसं ज्यांत बसतात त्या छोट्या गाड्यांची, म्हणजे कार्टिंगची शर्यत याहून कडक: तिथे टायर भिजवणंच निषिद्ध, आणि टायरातून निघणारी वाफ हुंगणारं यंत्र घेऊन तपासनीस उभे असतात.

डांबरी ट्रॅकवर आणखी एक युक्ती चालते. रस्त्यावरच साखरेचं पाणी फवारतात. पाणी उडून गेलं की चिकट थर राहतो आणि टायर त्याला धरतो. पाऊस आला की सगळी मेहनत धुऊन जाते.

कार्पेटवर असं काही मुद्दाम फवारावं लागत नाही. प्रत्येक गाडी आपल्या टायरांवरचा थोडा सॉस आणि थोडं रबर मागे ठेवून जाते. फेऱ्या होतात तशी शर्यतीच्या मार्गावर काळपट पट्टी उमटते आणि तिच्यावरची ग्रिप चढत जाते. सकाळी पुढचे टायर निम्मे भिजवून नीट वळणारी गाडी संध्याकाळच्या अंतिम फेरीत त्याच सॉसवर उलटू शकते. म्हणून टेबलावर वही असते: किती वाजता, किती रुंदीला, किती मिनिटं आणि हॉलमध्ये तापमान किती. अंतिम फेरीला काही जण पुढच्या टायरांवर बोटभर पट्टी ओढून ब्रश बाजूला ठेवतात.