विश्लेषण : जुन्या गाडीचा दरवाजा खाली का बसतो? स्ट्रायकर सरकवण्याआधी बिजागरी का तपासावी?

दरवाजा थोडा वर उचलून लावायचा, नाहीतर जोरात आपटायचा. जुनी गाडी वापरणाऱ्या अनेक घरांमध्ये ही सवयच होऊन जाते. नवा माणूस गाडीत बसला की त्याला आधी दरवाजा कसा लावायचा, हे शिकवावे लागते.

तासगावच्या माझ्या मामांनी घेतलेली १२ वर्षे जुनी हॅचबॅक अशीच होती. मामी बसायच्या त्या बाजूचा दरवाजा उचलल्याशिवाय लागत नसे. एका गॅरेजमध्ये दहा मिनिटांत काम झाले आणि दरवाजा दोन बोटांनी लागू लागला. दीड महिन्यानंतर विट्याला जाताना दरवाजा खडखडू लागला. मामांनी गाडी बाजूला घेऊन पाहिले, तर दरवाजा लागल्यासारखा दिसत होता, पण अडकला होता तो पहिल्याच खटक्यावर. गॅरेजमध्ये बिजागरीला कोणी हातच लावला नव्हता. खाली आलेल्या दरवाजाला जुळेल अशी पिलरवरची कडी फक्त खाली सरकवली होती.

असे काम अनेकदा होते, कारण ते स्वस्त आणि झटपट असते. मग दरवाजा खाली बसण्याचे खरे कारण काय आणि ते कसे ओळखायचे?

थोडक्यात

- दरवाजा खाली बसण्याची मुख्य कारणे चार : पिन-बुशची झीज, सैल बोल्ट, गंजलेला पिलर आणि अपघातात हललेली बॉडी.
- कारण कोणते, हे घरी पाच मिनिटांत बऱ्यापैकी कळते.
- स्ट्रायकर सगळ्यात शेवटी जुळवायचा असतो, सगळ्यात आधी नाही.

दरवाजा नेमका कशावर उभा असतो?

गाडीच्या प्रत्येक दरवाजाला पुढच्या कडेला दोन बिजागऱ्या असतात, एक वर आणि एक खाली. प्रत्येक बिजागरीचे एक पान पिलरला आणि दुसरे दरवाजाला जोडलेले असते. मधून पिन जाते आणि पिनभोवती बुश असतो. दरवाजाच्या मागच्या कडेला लॉक असते. समोरच्या पिलरवर एक मजबूत लोखंडी कडी असते. तिला गॅरेजच्या भाषेत स्ट्रायकर म्हणतात.

दरवाजाचे वजन पेलण्याचे काम बिजागऱ्यांचे आहे. स्ट्रायकरचे काम दरवाजा बंद धरून ठेवण्याचे. बिजागरी झिजली की दरवाजा स्ट्रायकरवर टेकून वर चढतो आणि मग लागतो. बंद करताना दरवाजा किंचित वर उचलला जाताना दिसला, तर बिजागरीचे काम स्ट्रायकर करतो आहे, असे समजावे.

एका मिलिमीटरचे तीन मिलिमीटर कसे होतात?

थोडे गणित करू. लहान गाडीचा पुढचा दरवाजा साधारण एक मीटर लांब धरा आणि दोन बिजागऱ्यांमधले अंतर ३५ सेंटिमीटर. वरच्या बिजागरीत फक्त १ मिलिमीटर प्ले आला, तर लॉकच्या टोकाशी दरवाजा जवळजवळ ३ मिलिमीटर खाली येतो. बिजागरीत डोळ्याला न दिसणारी झीज मागच्या कडेला सहज दिसते, ती यामुळे.

आता वजनाकडे पाहू. दरवाजा २० किलोचा धरला, तर उघड्या स्थितीत वरची बिजागरी सुमारे २९ किलोच्या जोराने पिलरपासून ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने पिलरवर दाबली जाते. गुडघे दुखणारी व्यक्ती उतरताना दरवाजाच्या टोकावर ३० किलोचा भार टाकते, तेव्हा त्यात आणखी ८५ किलोची भर पडते. वडापच्या गाड्यांमध्ये दरवाजाला धरून चढणे-उतरणे दिवसभर चालते. त्यांचे दरवाजे लवकर खाली का येतात, याचे उत्तर या हिशोबात आहे.

उतारावर गाडी लावण्याचाही परिणाम होतो. यवतेश्वरच्या किंवा पाचगणीच्या रस्त्यावर गाडीचे तोंड उताराकडे असेल, तर दरवाजा उघडताच झोकात पुढे जातो. हा झटका दरवाजाच्या स्टॉपरला आणि बिजागरीला बसतो. स्टॉपर तुटलेला असेल, तर सगळा मार बिजागरीवर येतो.

पश्चिमेला गंज, पूर्वेला धूळ

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पश्चिमेकडे भरपूर पाऊस आणि पूर्वेकडे दुष्काळी पट्टा आहे. गाडीने आपले आयुष्य कुठे काढले, यावर दरवाजाचा आजार ठरू शकतो.

महाबळेश्वर, जावळी, पाटणकडच्या गाडीत आधी गंज शोधावा. दरवाजाच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. काचेच्या रबरातून आत गेलेले पाणी त्यातून बाहेर पडते. ही छिद्रे चिखलाने बुजली की पाणी आतच साचते आणि दरवाजाचा तळ आतून खाल्ला जातो. पुढे खालच्या बिजागरीचे बोल्ट आणि पिलरचा पत्राही गंजू लागतो.

माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या गाडीत पत्रा बऱ्याचदा टणटणीत असतो, पण बिजागरीत धूळ बसते. जुन्या ग्रीसमध्ये बारीक माती मिसळली की ते मिश्रण पॉलिश पेपरसारखे काम करते. दरवाजा प्रत्येक वेळी उघडताना पिन आणि बुश थोडे थोडे घासले जातात.

सांगली शहर आणि कृष्णाकाठच्या गावांमध्ये आणखी एक मुद्दा येतो, तो म्हणजे महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले. पुरात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. दरवाजाच्या पोकळीत बसलेला गाळ मात्र वर्षानुवर्षे ओल धरून ठेवतो.

दोष कुठे आहे, हे घरी कसे ओळखाल?

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. मग या पायऱ्या करा.

१. फट पाहा. दरवाजा बंद करून चारही बाजूंची फट पाहा. पुढचा दरवाजा मागून खाली आला असेल, तर फेंडरजवळची फट वरच्या बाजूला रुंद आणि खाली अरुंद दिसते. पत्र्यावरची आडवी रेषही मागच्या दरवाजाच्या रेषेपेक्षा खाली जाते. फट मोजायला ५ मिलिमीटरची ॲलन की पुरते. ती सगळीकडे सारखी बसते का, ते पाहा.

२. दरवाजा हलवून पाहा. दरवाजा अर्धा उघडा, मागची कडा दोन्ही हातांनी धरून हलकेच वर-खाली करा. दुसऱ्या व्यक्तीला मोबाईलचा टॉर्च लावून बिजागरीकडे पाहायला सांगा. पिनजवळ हालचाल दिसली, तर पिन-बुश झिजले आहेत. पिन घट्ट आहे, पण बिजागरीचे पान पिलरवर सरकते आहे, तर बोल्ट सैल आहेत. पिलरचा पत्राच आत-बाहेर होत असेल, तर तो गंजला आहे किंवा त्याला चीर गेली आहे.

३. काहीच हलत नसेल तर? दरवाजा खाली आहे, पण प्ले कुठेच नाही, असेही होते. अशा वेळी बिजागरी वाकलेली असते किंवा बॉडी हललेली असते. दरवाजाच्या चौकटीचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके माप टेपने घ्या आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच मापाशी ताडून पाहा. दोन्ही मापांत ठळक फरक असेल, तर गाडीला जोराचा मार बसलेला असू शकतो.

४. नोट लावून पाहा. दरवाजात दहाची नोट धरून तो बंद करा आणि नोट ओढा. असे चारही बाजूंनी करा. नोट एखाद्या ठिकाणी सहज निसटली, तर तिथे रबर दाबले जात नाही. पावसाचे पाणी आणि वाऱ्याचा आवाज तिथूनच येतो.

नुसता स्ट्रायकर सरकवल्याने काय बिघडते?

गाडीच्या लॉकला दोन खटके असतात. दरवाजा पूर्ण लागतो तो दुसऱ्या खटक्यावर. पहिला खटका फक्त सुरक्षेसाठी असतो, म्हणजे दरवाजा नीट लागला नाही तरी तो एकदम उघडू नये. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पूर्ण लागलेल्या लॉकने लांबीच्या दिशेने सुमारे ११,००० न्यूटन, म्हणजे साधारण ११०० किलोचा ताण सोसावा लागतो. पहिल्या खटक्यासाठी ही अपेक्षा सुमारे ४,५०० न्यूटनची, म्हणजे निम्म्याहूनही कमी आहे.

बिजागरी झिजतच राहिली, तर स्ट्रायकर कितीही वेळा सरकवला तरी दरवाजा पुन्हा खाली येतो. लॉकची पकड कडीवर मध्यभागी न बसता कडेला बसते आणि एक दिवस दुसरा खटका लागतच नाही. मामींच्या दरवाजाचे हेच झाले. अपघातात गाडी आदळली, तर माणसाला आत ठेवण्यात सीटबेल्टबरोबर बंद राहिलेल्या दरवाजाचाही वाटा असतो. म्हणून दरवाजा खाली बसणे हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही.

दुरुस्ती कशी होते?

बोल्ट सैल असतील तर : हे सगळ्यात सोपे काम आहे, पण त्याला दोन माणसे लागतात. आधी बिजागरीच्या पानाभोवती पेन्सिलने खूण करतात, म्हणजे मूळ जागा कळते. मग स्ट्रायकर काढून ठेवतात, नाहीतर दरवाजा त्याच्या आधाराने खोटा सरळ दिसतो. दरवाजाखाली जॅक आणि कापड गुंडाळलेला लाकडी ठोकळा लावतात. बोल्ट थोडेच ढिले करतात, पूर्ण काढत नाहीत. दरवाजा हवा तितका उचलून बोल्ट आवळतात आणि फट पुन्हा पाहतात. ती सगळीकडे सारखी झाली की शेवटी स्ट्रायकर बसवतात. दोन्ही दरवाजे बिघडले असतील, तर आधी मागचा आणि मग त्याच्याशी जुळवून पुढचा, हा क्रम असतो. काही मॉडेलमध्ये बिजागरी पिलरला वेल्ड केलेली असते, तिथे अशी जुळवणी करता येत नाही.

पिन-बुश झिजले असतील तर : आधी त्या मॉडेलची नवी बिजागरी मिळते का, ते पाहा. मारुती ८०० सारख्या गाड्यांचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबले आहे. अशा गाड्यांसाठी भंगार बाजारातून बिजागरी घेताना तिचाही प्ले तपासा. पिन निघण्यासारखी असेल, तर लेथवर पितळी बुश आणि मापाची पिन बनवून घेता येते. किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडाचे कारखाने चालवणाऱ्या या भागात चांगला टर्नर शोधणे अवघड नाही. दरवाजा उतरवण्याआधी पॉवर विंडो आणि स्पीकरची वायर सोडवायला सांगा.

पिलर गंजला असेल तर : हे काम अनुभवी डेंटरचेच. गंजलेला पत्रा कापून नवा बसवावा लागतो. वरून लांबी भरून रंग मारला, तर गंज फक्त झाकला जातो. पिलर छताला आणि तळाला जोडून ठेवतो, त्यामुळे इथे पैसे वाचवू नयेत.

काय टाळावे?

- बिजागरीत ठोकळा अडकवून दरवाजा दाबणे. कसलेला डेंटर हे मोजून करतो, पण अंदाजाने केल्यास पिलर वाकतो.
- प्ले जावा म्हणून पिनवर वेल्डिंग मारणे. त्यानंतर बिजागरी दुरुस्त करता येत नाही.
- बिजागरीत जुने इंजिन ऑइल सोडणे. त्यावर धूळ आणखी बसते. आधी कपड्याने पुसून मग पांढरे ग्रीस लावा.
- उघड्या दरवाजावर रेलून मुलांना झुलू देणे.

जुनी गाडी घेताना दरवाजा काय सांगतो?

विक्रेता इंजिन सुरू करून दाखवतो, तेव्हा तुम्ही चारही दरवाजे एकेकदा उघडून हळूच लावा. बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल, तर दरवाजा कधीतरी उतरवला गेला आहे. त्याचे कारण विचारा. वरची बिजागरी स्वच्छ आणि खालची गंजलेली असेल, तर दरवाजाची आतली पट्टी काढून गाळाचे डाग पाहा. सीटच्या रुळांमध्येही माती सापडते का, ते तपासा. एमएच-१० पासिंगची प्रत्येक गाडी पुरातली नसते आणि पुरातली गाडी दुसऱ्या जिल्ह्यातही विकली जाते. त्यामुळे नंबर प्लेटवर जाऊ नका, पत्रा पाहा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते. १३-१४ वर्षांची गाडी घेत असाल, तर पिलरच्या दुरुस्तीचा खर्च आधीच विचारून घ्या आणि तो सौद्यातून वजा करा.

मामांच्या गाडीत शेवटी वरच्या बिजागरीची पिन आणि बुश बदलले. स्ट्रायकर त्याच्या जुन्या जागी परत गेला. पिलरवर त्याची जुनी खूण अजून होती, त्यामुळे माप शोधावे लागले नाही. मामींसाठी छताजवळ एक हँडल बसवले आहे. आता त्या उतरताना दरवाजाला नाही, हँडलला धरतात.